मुखदर्शन

“मास्तर, माळ काढली का काय?”

जेऊर स्टेशनाबाहेरच्या टपरीवर एकानं मला हे विचारलं, तेव्हा माझ्या काखेत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ होतं. मी सदऱ्याची वरची गुंडी काढून तुळशीची माळ दाखवली. तो हसला, मी हसलो, चहा आला. प्रश्न मात्र तिथं मिटला नाही. तो घरी आला, एकादशीच्या भजनात आला, सोयऱ्यांच्या लग्नात पंगतीला शेजारी येऊन बसला. जन्मभर मराठी शिकवलेला एक वारकरी मास्तर एका कॅथलिक धर्मगुरूची पुस्तकं पुन्हा पुन्हा का वाचतो? आणि वाचून त्याच्या विठोबाचं काय होतं? पुढचे नऊ लेख म्हणजे या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे. एवढं लांब चालायची ज्यांची तयारी नाही, त्यांनी ही प्रस्तावना वाचली तरी चालेल.

जेऊर हे करमाळा तालुक्यातलं रेल्वेचं गाव. तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही. करमाळ्याला जायचं तर जेऊरला उतरायचं. पलीकडं उजनीचा फुगवटा. १९८० साली भीमेवरचं हे धरण उभं राहिलं, काही गावं पाण्याखाली गेली आणि उरलेल्यांच्या ज्वारीच्या रानांत ऊस आला, मग केळी आली. आता आमच्या भागातली केळी खोक्यात बसून परदेशात जातात. पण माझं लहानपण कोरडवाहू. आमच्या आळीत ख्रिस्ती घर नव्हतं. पहाटे ऐकू यायचे ते काकड्याचे टाळ आणि गाडीची शिट्टी. चर्चची घंटा मी सिनेमातच ऐकली.

तरी आमच्याच रुळांवर एक ख्रिस्ती मराठी उभी होती, हे मला फार उशिरा कळलं. जेऊरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं. मी शंभर वेळा त्या फलाटावरून गेलो असेन. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. आश्रमातल्या बायकांनी ते छापलं. रमाबाई १९२२ साली गेल्या, ग्रंथ पुरा होऊन बाहेर आला तो १९२४ साली. खिडकीतून मला दिसायचे ते भेळवाले. रेव्हरंड टिळकांचंही तसंच. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका परक्या प्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला आणि १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, ही गोष्ट मी वर्गात सांगत आलो. रेल्वेचा डबा, एक पुस्तक, एक बदललेलं आयुष्य, एवढंच. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं गेलो, असं टिळक मानत. पुलावरून दोन्हीकडून जाता येतं, हे मात्र मला ती गोष्ट सांगताना कधी सुचलं नाही.

त्याहून मोठी लबाडी फादर स्टीफन्सच्या बाबतीत झाली. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या मी आठवीनववीच्या मुलांकडून पाठ करून घेतल्या. एका इंग्रज माणसाला आपली भाषा रत्नासारखी वाटली, याचा आनंद वाटून तास संपवला. त्या ओव्या ज्या ग्रंथातल्या, त्यात पुढं जवळजवळ अकरा हजार ओव्यांत काय आहे, हे मुलांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी तरी कुठं वाचलं होतं! १५७९ साली गोव्यात उतरलेल्या या जेझुइटानं १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापलं. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीचा साचा घेऊन त्यात आदम-हव्वा, मोशे आणि येशू यांची कथा ओतली. देवनागरी खिळे नव्हते, म्हणून मराठी रोमन अक्षरांत उतरली. १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्हींची एकही छापील प्रत आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या जोरावर. १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणला.

हे गोड आहे, पण सगळं गोड नाही. स्टीफन्स ओव्या रचत होते त्या गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचं न्यायासन बसलेलं होतं. देवळं पाडली होती, पोथ्या जाळल्या होत्या. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांना जुनी पुराणं वाचायची बंदी होती. म्हणून तर त्यांना नवं पुराण हवं होतं. १६८४ साली तर लोकांची बोलीच सोडवण्याचा हुकूम निघाला. ज्या सत्तेच्या सावलीत मराठीचं एवढं कौतुक लिहिलं गेलं, तिनंच लोकांच्या जिभेवर पहारा बसवला. या पुस्तकातला दुसरा लेख याच गाठीविषयी आहे. ती मला सुटलेली नाही. कौतुकाच्या ओव्या शिकवायच्या आणि बाकीचं झाकायचं, एवढं मात्र आता माझ्याच्यानं होणार नाही.

फादर दिब्रिटो या वाटेवर मला भेटले ते चारशे वर्षं ओलांडून. जन्म वसईतल्या नंदाखालचा. वसई १५३४ पासून पोर्तुगिजांकडं होती; १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती घेतली. सत्ता गेली, पण तिथले ख्रिस्ती शेतकरी आपल्या वाड्यांत, आपल्या केळींत राहिले आणि आपली बोली बोलत राहिले. त्यांच्या ख्रिस्तीपणाला कुठल्या दरबाराचा आधार उरला नाही. आधार होता तो गावाचा आणि भाषेचा. मला हे महत्त्वाचं वाटतं. दुसरी गोष्ट रोममध्ये घडली. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. लॅटिनमध्ये होणारी उपासना लोकांच्या भाषेत आली आणि इतर धर्मांमध्ये जे खरं आणि पवित्र आहे ते नाकारायचं नाही, असं कॅथलिक चर्चनं लेखी मान्य केलं. १९७२ साली दिब्रिटोंना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली ती या नव्या वाऱ्यात. पुढं १९८३ ते २००७ त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालवलं. चर्चच्या मासिकात साहित्य, समाज, पाणी, राजकारण सगळं येऊ लागलं. वसईच्या विहिरी टँकरनं उपसल्या जाऊ लागल्या, बागांवर इमारतींची नजर पडली, गुंडगिरी माजली, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली हा झग्यातला माणूस रस्त्यावर आला. वसईची केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात. आमची केळी गार खोलीत पिकवतात. दोन्हीला पाणी लागतं, आणि पाण्यावर डोळा ठेवणारी माणसं दोन्हीकडं सारखीच दिसतात. पाचवा लेख त्यावर आहे.

‘सुबोध बायबल’ मी पुण्यात अप्पा बळवंत चौकात घेतलं. शाळेच्या ग्रंथालयाची खरेदी होती. राजहंसचा तो जाड ग्रंथ यादीत नव्हता. मी तो स्वतःच्या पैशांनी घेतला, तोही धर्मासाठी नव्हे. साहित्य अकादमीनं गौरवलेला ग्रंथ आहे, भाषा बघू, एवढाच हेतू. रात्री भारनियमनात कंदील लावून वाचायला बसायचो. आधीची मराठी बायबलं मी चाळली होती. त्यांतलं मराठी इस्त्री केलेल्या परक्या कोटासारखं वाटायचं. इथं वाक्यं आपल्या पायांनी चालत होती. मध्येच टिपा, नकाशे, इतिहास. मास्तर माणसाला हे आवडतं. पेन्सिल घेऊन खुणा करत मी निवांत चाललो होतो, आणि एका जागी पेन्सिल थांबली.

जुन्या करारात मोशेच्या नियमांमध्ये एक नियम आहे. पीक कापताना रान अगदी कडेपर्यंत कापू नका, खाली पडलेलं वेचू नका. ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. वाचता वाचता माझ्या तोंडून शब्द गेला, “सरवा!” आमच्याकडं ज्वारी काढून झाली, भुईमूग निघाला, की गावातल्या बायका सरवा वेचायला रानात येत. आई त्यांना कधी हटकत नसे. ओट्यात चार शेंगा जास्त गेल्या तरी बघून न बघितल्यासारखं करायची. मला ती तिची कनवाळू सवय वाटायची. तीन हजार वर्षांपूर्वीच्या, हजारो कोस लांबच्या एका समाजानं तो देवाचा कायदा केला होता. आणि मी? केळी लावल्यापासून माझ्या रानाला तारेचं कुंपण होतं. सरवा हा शब्दच माझ्या घरातून गेला होता. एका ख्रिस्ती माणसाच्या पुस्तकानं मला माझ्या आईचा शब्द परत दिला. पण शब्दाबरोबर त्याची किंमतही मागितली.

रानाच्या कडेची गोष्ट निघालीच आहे, तर बांधाचीही सांगतो, कारण या पुस्तकाचं खरं मूळ तिथं आहे. माझा आणि चुलतभाऊ आप्पाचा बांध एक. तो दर वर्षी नांगरताना बांध कोरतो असं माझं म्हणणं, मीच आधी सरकवला असं त्याचं. मोजणी झाली, खुणा रोवल्या, खुणा उपटल्या, दिवाणी दावा झाला. अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. या अकरा वर्षांत माझी एकही एकादशी चुकली नाही. जेऊरहून कुर्डुवाडी, गाडी बदलून पंढरपूर. घरातून निघालो की आप्पाचं दार रस्त्यात लागे. मी मान वळवून पुढं जाई आणि “रामकृष्णहरी” म्हणे.

मत्तयच्या शुभवर्तमानात, डोंगरावरच्या प्रवचनात, येशू सांगतो त्याचा आशय असा: तू देवापुढं अर्पण घेऊन उभा आहेस आणि तिथं तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर ते अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. मी वाचलं आणि निर्धास्त झालो. समेट करायचा तो आप्पानं. कोरला आहे त्यानं. दोन दिवसांनी पुन्हा वाचलं. मग मराठीच्या मास्तराच्या नजरेला वाक्याची रचना दिसली. भावाविषयी तुझ्या मनात काही असेल तर, असं तिथं नव्हतंच. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं होतं. तक्रार माझी काय आहे, हे कुणी विचारतच नव्हतं. आप्पाच्या मनात माझ्याविषयी काय असेल? मला लगेच कळलं. फार शोधावं लागलं नाही, कारण ते मीच अकरा वर्षं दडपून ठेवलं होतं. काकू, म्हणजे आप्पाची आई गेली, तिच्या तेराव्याला मी गेलो, पंगतीत बसलो, जेवलो. आणि त्याच आठवड्यात माझ्या वकिलाची नोटीस त्याच्या घरी पोचली. कागद आधीच तयार होता, टपालाला मी काय करणार, असं मी स्वतःला समजावलं होतं. टपाल मला थांबवता आलं असतं.

वाचून मी लगेच उठून गेलो, असं काही झालं नाही. पुढच्या एकादशीला नेहमीसारखा पंढरपूरला गेलो. पदस्पर्शाची रांग मोठी होती म्हणून मुखदर्शनाच्या रांगेला लागलो. विठोबा दिसला आणि त्याच्यापुढं मला आप्पाचं दार दिसलं. बडव्यांनी नाही, पोलिसांनी नाही, वसईच्या एका फादरनं मला माझ्याच देवळात अडवलं होतं. तुकोबांनी हेच कैक वेळा सांगितलंय, असं कुणी म्हणेल, खरंच सांगितलंय. पण तुकोबा मला पाठ होते. पाठ असलेलं माणूस ऐकत नाही. तीच गोष्ट परक्या देवळातून, पण माझ्याच भाषेत आली आणि टाळ्यांऐवजी थोबाडीत बसली.

त्यानंतर तीन महिन्यांनी मी आप्पाच्या दारात गेलो. तो जनावरांना वैरण टाकत होता.

“का रं मास्तर, आज हिकडं?”

मी काकूच्या तेराव्याचं बोललो. नोटिशीचं बोललो. तो वैरण टाकतच राहिला. मग वहिनींना चहा ठेवायला सांगितलं. कुठून तरी त्याला पुस्तकाचं कळलं होतं. म्हणाला, “त्या बायबलात आपल्या बांधाचं लिव्हलंय म्हनं? आन की, वाच.” दुसऱ्या दिवशी मी वाचून दाखवलं. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, “म्हंजी आदी तूच यायचा हुतास. अकरा वर्सं लावलीस.” दावा आम्ही मागं घेतला. बांध पूर्वी होता तिथं नाही, मोजणीत दाखवला तिथंही नाही; दोघांच्या मधे कुठं तरी आहे.

या सगळ्यानंतर त्या लेखकाला एकदा भेटावं, एवढीच इच्छा होती. २०१९ साली त्यांची अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवड झाली. या पदावर येणारे ते पहिले ख्रिस्ती लेखक. विरोध झाला, धमक्यांचे फोन गेले. संमेलन, ९३ वं, १० जानेवारी २०२० पासून उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला. म्हणजे आमच्या शेजारी. जेऊरहून कुर्डुवाडी, तिथून एकीकडं पंढरपूर, दुसरीकडं लातूरची गाडी. आयुष्यात पहिल्यांदा मी कुर्डुवाडीला पंढरपूरकडं पाठ करून दुसऱ्या गाडीत बसलो. पिशवीत ‘सुबोध बायबल’ आणि आमच्या केळीची एक फणी. नंदाखालच्या माणसाला केळी दाखवायची हौस.

तो जिल्हा गोरोबाकाकांचा. तेर तिथून जवळ. गोरोबांनी थापटणं घेऊन संतांच्या डोक्यांवर हाणलं आणि कोणतं मडकं कच्चं ते पाहिलं. नामदेव कळवळले, कच्चे ठरले, ही कथा आपल्याला माहीत आहे. मांडवात बसलो तेव्हा ती आठवली. माझ्या डोक्यावर थापटणं पडून झालं होतं. निकालही लागला होता. आता फक्त कुंभार बघायचा होता.

फादर व्हीलचेअरवरून आले. पाठीच्या दुखण्यानं ते बेजार होते. मी मागं, खूप मागं. व्यासपीठावरचा माणूस पडद्यावर मोठा दिसायचा आणि प्रत्यक्षात अंगठ्याएवढा. भाषण ऐकलं. त्यांना नेताना गर्दी उसळली, पोलीस होते, कार्यकर्ते होते. मी पुस्तक उघडून पहिलं पान पुढं धरलं होतं. वीसेक हातांवरून खुर्ची गेली. मी हात जोडायला गेलो तर हातात पुस्तक. त्या पुस्तकासकटच हात जोडले. त्यांनी पाहिलं की नाही, ठाऊक नाही. केळी मी परतीच्या गाडीत शेजारच्या मुलांना वाटली.

घरी बायकोनं विचारलं, “भेटले का?” मी म्हटलं, “मुखदर्शन झालं.” वारकऱ्याच्या घरात याहून जास्त सांगावं लागत नाही. पदस्पर्शाला रात्र रात्र रांगेत उभं राहावं लागतं. ज्याला तेवढा वेळ नाही तो मुखदर्शन घेऊन निघतो. पण वारी त्याचीही पुरी होते. माझी रांग आधी झाली होती. ‘तेजाची पाऊले’, ‘ओॲसिसच्या शोधात’, ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’, आणि ‘नाही मी एकला’ हे आत्मचरित्र. यांतल्या पानापानावर मी या माणसासमोर बसलो होतो. कधी पटलं म्हणून, कधी भांडायला.

भांडण आहेच. ख्रिस्त हाच एक तारणारा, ही त्यांच्या धर्माची श्रद्धा. ती माझी नाही. पुनर्जन्म त्यांच्याकडं नाही, माझ्याकडं आहे. मूळ पापाची कल्पना मला आजही घशाखाली उतरत नाही. सातव्या लेखात हे सविस्तर आलं आहे. “शेवटी सगळे धर्म एकच” हे वाक्य या पुस्तकात शोधू नका. सभेत त्याला टाळ्या पडतात, पण शेतकऱ्याला ते पटायचं नाही. दोन रानांमधला बांध काढला तर एक मोठं रान होत नाही, मोठं भांडण होतं. बांध ठेवावा. कोरू नये, त्याची भिंतही करू नये. त्यावर एखादं झाड लावावं आणि दुपारी दोघांनी आपापली भाकरी तिथं सोडावी. फादर दिब्रिटोंमुळं माझी श्रद्धा बदलली का, असं विचाराल तर ती होती तिथंच आहे. फक्त पूर्वी ती स्वस्त होती. एकादशीच्या तिकिटात भागायची.

हे लेख कुणा अभ्यासकाचे नाहीत. मला हिब्रू येत नाही, ग्रीक येत नाही, लॅटिन येत नाही. धर्मशास्त्रातल्या चुका कुणी दाखवल्या तर मी त्या दुरुस्त करीन. मराठी मात्र येते, आणि एका मराठी लेखकाला एका मराठी वाचकानं कसं वाचलं, एवढंच इथं मांडलं आहे. लेखांचा पहिला मसुदा आप्पानं ऐकला. बांधाच्या प्रकरणात त्यानं दोन दुरुस्त्या सुचवल्या. एक मी घेतली.

२०२४ ची आषाढी १७ जुलैला झाली. वारीहून येऊन मला आठ दिवस झाले होते. पाऊस थांबला होता, मी केळीत होतो. आप्पा हातात वर्तमानपत्र घेऊन बांधावरून येताना दिसला. त्याला वाचायचा कंटाळा. वर्तमानपत्र घेऊन तो कधी येत नाही. जवळ आला आणि म्हणाला, “मास्तर, तुझा फादर गेला रं.” २५ जुलैला फादर दिब्रिटो गेले होते. आम्ही दोघं बांधावर बसलो. थोड्या वेळानं आप्पानं विचारलं, “सही न्हाई ना घावली तुला?” मी मान हलवली.

त्या ग्रंथाचं पहिलं पान अजून कोरं आहे. या पुस्तकाला अर्पणपत्रिका नाही, ती त्यामुळंच.

जेऊर (ता. करमाळा)
कार्तिकी एकादशी, शके १९४६